स्टॅटिक क्लास हवा, की नुसती फंक्शनं पुरतील?

रत्नागिरीतल्या आंबा बागायतदारांसाठी बिलं करणारा प्रोग्राम मी सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला. डझनांवरून पेट्या काढायच्या, पेट्यांवरून ट्रकभाडं. फळ मोठं असलं की पेटीत डझन कमी बसतात, एवढंच सांभाळायचं. अशा हिशेबाला ऑब्जेक्ट, म्हणजे क्लासच्या साच्यातून घडवलेली स्वतःची माहिती बाळगणारी वस्तू, लागत नाही. मग ही फंक्शनं ठेवायची कुठे?

सी शार्पमध्ये 2005 सालच्या 2.0 आवृत्तीपासून स्टॅटिक क्लास आहे, म्हणजे ऑब्जेक्ट न करता वापरायच्या फंक्शनांचा क्लास. त्याचा ऑब्जेक्ट करायला गेलात तर कंपाइलर अडवतो. मेथडपुढे, म्हणजे क्लासातल्या फंक्शनपुढे, स्टॅटिक लिहायचं राहिलं तरी अडवतो. मला ही दुसरी राखण जास्त मोलाची वाटते. जावात क्लास फायनल करायचा (त्यातून दुसरा क्लास काढता येत नाही) नि कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट घडवणारा भाग, प्रायव्हेट ठेवायचा अशी पद्धत आहे. जावाचा स्वतःचा मॅथ क्लासही तसाच. बाहेरून ऑब्जेक्ट होत नाही हे खरं. पण स्टॅटिक लिहायला विसरलात तर त्या क्लासात कंपाइलर चकार शब्द काढत नाही, आणि ती मेथड बाहेरून वापरताच येत नाही.

कॉटलिन किंवा डार्टमध्ये काम असेल तर क्लास नकोच, फंक्शन सरळ फाइलमध्ये लिहा. डार्टचं अधिकृत मार्गदर्शनही नुसत्या स्टॅटिक मेथडींचा क्लास टाळा असंच सांगतं.

पीएचपीची गोष्ट वेगळी. तिथे ऑटोलोडिंग, म्हणजे लागेल तेव्हा फाइल आपोआप उघडणं, क्लासला मिळतं, सुट्या फंक्शनांना नाही. म्हणून लोक क्लास करतात. ऑब्जेक्ट होऊ नये म्हणून क्लास एकाच वेळी अ‍ॅबस्ट्रॅक्ट (ज्याचा थेट ऑब्जेक्ट होत नाही) आणि फायनल करावा म्हटलं तर तेही चालत नाही. भाषेतच स्टॅटिक क्लास हवा ही मागणी तिथे मला रास्त वाटते.

तरी सी शार्प, जावासारख्या भाषांत एक धोका राहतो. पेटीचा दर मी स्टॅटिक फील्डमध्ये, म्हणजे क्लासच्या एकाच सामाईक कप्प्यात, ठेवला होता. वेब सर्व्हरवर ते फील्ड सगळ्या रिक्वेस्टमध्ये एकच असतं. ऐन हंगामात एका बागायतदाराचा दर दुसऱ्याच्या बिलात गेला; बिलं हातानं तपासून दोघांची क्षमा मागावी लागली. आता दर ज्याच्या त्याच्या ऑब्जेक्टमध्ये आहे, स्टॅटिक क्लासात फक्त डझन-पेटीचं गणित.

सी शार्पचा स्टॅटिक क्लास बदलती फील्डं चालवून घेतो. नव्या भाषेसाठी प्रस्ताव लिहीत असाल तर त्यांना मनाई करणारं कलम पहिल्या मसुद्यातच घाला. लोकांचा कोड एकदा त्यांवर उभा राहिला की ती काढता येत नाहीत.