परदेशी ऑर्डरवर कायदा कोणता लिहायचा: आपला १९३० चा की व्हिएन्नाचा?

रबाळे, घणसोली, महापे इथल्या छोट्या कारखानदारांची निर्यातीची कागदपत्रं मी पाहते. पर्चेस ऑर्डरवरचे दर, नग, तारखा सगळे तीनतीनदा तपासतात. मागच्या पानावरची ‘लागू कायदा’ ही बारीक ओळ कोणी वाचत नाही. पहिली जर्मन ऑर्डर हातात असेल, तर सहीआधी ती वाचाच.

पुण्याला किंवा राजकोटला माल विकला तर १९३० चा मालविक्री कायदा लागतो, तिथे निवडीचा प्रश्न नाही. सीमेपलीकडे मात्र १९८० साली व्हिएन्नात झालेला संयुक्त राष्ट्रांचा करार समोर येतो. जर्मनी, चीन, जपान, अमेरिका त्यात आहेत; भारत आणि ब्रिटन नाहीत. म्हणून ‘आपला काय संबंध’ असं अनेकांना वाटतं. पण ऑर्डरवर ‘जर्मन कायदा’ छापलेला असेल, तर हा करार त्या कायद्याचाच भाग म्हणून सोबत येतो. नको असेल तर वगळल्याचं स्पष्ट लिहावं लागतं. ‘भारतीय कायदा’ लिहिलं तर १९३० चा कायदा.

खरा फरक कळतो तो माल नापसंत झाल्यावर. घणसोलीच्या एका युनिटने पंपाचे शाफ्ट पाठवले होते. ऑर्डरवर जर्मन कायदा. सात महिन्यांनी एका ओळीचा मेल आला: दर्जा खराब. सोबतच्या फोटोत आट्यांवर गंज दिसत होता, तेलकागद एका कडेला फाटलेला. मालकाने घाबरून बिलातले बारा टक्के सोडून दिले, मग माझ्याकडे आले. मला फार वाईट वाटलं, कारण व्हिएन्ना करार त्यांच्या बाजूने बोलत होता. खरेदीदाराने माल लवकरात लवकर तपासायचा आणि नेमका दोष काय, ते वाजवी मुदतीत कळवायचं. नाही कळवलं तर त्याचे बहुतेक हक्क जातात. दोन वर्षं ही अगदी शेवटची मर्यादा, तेवढी मोकळीक नव्हे. पेटी कधी उघडली, एवढं तरी विचारायला हवं होतं.

आपल्या कायद्यातही फार काळ गप्प बसलं की माल स्वीकारला असं धरतात, पण नुकसानभरपाई मागता येते. उलट, माल वर्णनाप्रमाणे नसेल तर स्वीकारण्याआधी खरेदीदार तो सरळ नाकारू शकतो. व्हिएन्नात सौदा मोडायला भंग मूलभूत, म्हणजे सौद्याचा हेतूच फसवणारा, असावा लागतो. किरकोळ दोषाला दुरुस्ती किंवा किंमतकपात. मापाप्रमाणे माल बनवून विकणाऱ्याला म्हणूनच मी व्हिएन्ना सुचवते. तो शाफ्ट परत आला तर दुसरं कोण घेणार?

जोखमीबाबत आपल्याकडे साधारणपणे ती मालकीबरोबर जाते, तिकडे माल पहिल्या वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की. प्रत्यक्षात ऑर्डरवरच्या एफओबी (जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची), एफसीए (ठरलेल्या जागी वाहतूकदाराच्या ताब्यात देईपर्यंतच) या अटीच ते ठरवतात. कंटेनरला एफओबी नको: न्हावाशेव्याच्या यार्डात उभा असताना काही झालं तर ते तुमच्या माथी. एफसीए घ्या.

पैसे थकले तर मात्र देशातला व्यवहार बरा. नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. व्हिएन्ना व्याज देतो, दर सांगत नाही.

आणि ठाण्याच्या कोर्टाचा हुकूमनामा जर्मनीत थेट बजावता येत नाही. लवादाचा निवाडा १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे तिकडे चालतो. घणसोलीच्या मालकांनी पुढच्या ऑर्डरवर दोन ओळी घालून घेतल्या: व्हिएन्ना करार लागू; वाद झाल्यास लवाद, ठिकाण मुंबई. समोरच्याने फक्त मुंबईचं सिंगापूर केलं आणि सही करून पाठवली.