गुलमर्गचे बर्फशिबिर: शिकवणी उत्तम, बुटांचा कारभार ढिसाळ

नवी मुंबईतल्या एका साहससंस्थेने यंदाच्या हिवाळ्यात गुलमर्गला शाळकरी मुलांसाठी भरवलेल्या स्कीइंग शिबिरात मी साहाय्यक प्रशिक्षक म्हणून महिनाभर राहिलो. मला मानधन नव्हते, राहणे-जेवण मात्र संस्थेकडे होते, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे. एरवी मी नेरूळमध्ये इनलाइन स्केटिंग शिकवतो, आणि शिबिराला आलेल्या ठाणे-नवी मुंबईच्या मुलांपैकी बरीच स्केटिंग करणारीच होती.

शिबिराची खरी ताकद तिथले काश्मिरी प्रशिक्षक आहेत. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेला आरिफ खान याच उतारांवर घडला, आणि ही माणसेही लहानपणापासून बर्फावरच वाढलेली. पहिले दोन दिवस त्यांनी कोणालाही लिफ्टवर बसवले नाही. मुलांना सौम्य उतारावर आडव्या पावलांनी चढायला लावले, पडायचे कसे आणि उठायचे कसे हे घोटून घेतले. काही पालकांनी त्यावर फोन करून ‘पैसे चालायला भरले का’ अशी विचारणा केली, पण माझ्या मते शुल्क वसूल झाले ते याच दोन दिवसांत.

स्केटिंगची सवय अंगात मुरलेल्या मुलांना तोल लवकर सापडतो, मात्र थांबायची वेळ आली की ती एक पाय मागे ओढत नेतात आणि दोन्ही स्की एकमेकींत अडकून आडवी होतात. ठाण्याची एक सातवीतली मुलगी उतार दिसला की घाबरून मागे रेलायची, त्यामुळे स्की तिच्या हाताबाहेर पुढे पळायची. प्रशिक्षकाने तिला नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबून धरायला सांगितले, स्कीची टोके जवळ आणि शेपट्या लांब ठेवायला लावल्या आणि स्वतः तिच्यापुढे तोंड करून उलटा घसरत राहिला. डावीकडे वळायचे तर भार उजव्या पायावर द्यायचा, हे एकदा पायाला कळल्यावर ती दुपारच्या जेवणालाही उतारावरून हलेना. ‘दादा, अजून एकदाच’ हा तिचा हट्ट त्या काश्मिरी प्रशिक्षकाला पुढे पाठच झाला.

तक्रार आहे ती साहित्याबद्दल. संस्थेने बुटांचा क्रमांक मोबाइलवरच्या अर्जातून मागवला होता, तर स्कीचा बूट पावलाच्या सेंटिमीटरमधल्या लांबीवर ठरतो. परिणामी अनेकांना सैल बूट मिळाले. सैल बुटात टाच उचलली जाते आणि पायाने दिलेला इशारा स्कीपर्यंत पोहोचतच नाही. त्यावर आयांनी प्रेमाने दिलेले लोकरी मोजे दोन-दोन जोड घातले की मोज्याला चुण्या पडतात, घाम साचतो आणि पाय उलट गारठतात. पातळ, लांब असा एकच मोजा पुरतो. पडल्यावर बूट सोडवणारी बाइंडिंग मुलाचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून लावायची असते. पहिल्या तुकडीत ती सरसकट एकाच आकड्यावर होती. आम्ही संध्याकाळी बुखारीशेजारी, म्हणजे खोली उबदार ठेवणाऱ्या काश्मिरी शेगडीशेजारी, बसून एकेक जोडी तपासून बदलली. जाहिरातीत आठ मुलांमागे एक प्रशिक्षक असे म्हटले होते, दुसऱ्या तुकडीत तो बारांमागे एक झाला, आणि विचारल्यावर व्यवस्थापकांनी रस्ता बंद असल्याचे कारण दिले.

डोंगरावरच्या सुरक्षेत मात्र कसूर नव्हती. अफरवत शिखराकडे जाणाऱ्या गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे सुमारे ३,९५० मीटर उंचीवर, मुलांना नेले नाही. हिमस्खलनाचा इशारा आला की खालचा सरावही थांबायचा. मुले हिरमुसायची, पण तो निर्णय योग्यच होता. राहण्याची सोय साधी, जेवणात राजमा-भात वारंवार.

नोंदणी करणाऱ्यांनी एक गोष्ट लेखी मागावी: बर्फच नसेल तर काय? २०२४च्या जानेवारीत गुलमर्ग बराच काळ कोरडे होते आणि २०२५मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या, तरी या संस्थेच्या अर्जात परताव्याचा उल्लेखसुद्धा नाही. डिसेंबर-जानेवारीत दहावीची पूर्वपरीक्षा डोक्यावर असलेल्यांनी या फंदात पडूच नये. सहावी ते आठवीच्या मुलांना किमान दोन आठवड्यांच्या तुकडीत पाठवावे, कारण आठवडाभराच्या तुकडीतली मुले वळायला लागतात न लागतात तोच परतीची बॅग भरतात. मुलाजवळ पोस्टपेड सिम द्यावे, महाराष्ट्रातले प्रीपेड तिथे चालत नाही. बर्फावरून परावर्तित ऊन हनुवटीच्या खालूनही भाजते, म्हणून सनस्क्रीन तिथेही लावायला शिकवून पाठवावे.

पुढच्या हंगामापासून कार्यालयातच पावलांचे माप घेण्याचे संस्थेने मान्य केले आहे. तोवर घरी कागदावर पाऊल ठेवून टाचेपासून अंगठ्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि तो आकडा सेंटिमीटरमध्ये अर्जावर ठळक लिहावा.