शास्त्र खरं, फोटो खोटे: घराखालच्या कुबट वासाचे ११,८०० डॉलर

नॉर्थ कॅरोलायनात रॉली-कॅरीच्या आसपास घर घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या मंडळींनी हे जरूर वाचावं. इकडच्या बऱ्याच घरांना तळघर नसतं. घर विटांच्या बुटक्या भिंतींवर दोन-चार फूट उचललेलं असतं आणि खाली रांगत जाता येईल एवढी जागा असते, ती क्रॉल स्पेस. तिथे पाइप, एसीची गार हवा नेणाऱ्या नळ्या, लोंबणारं इन्सुलेशन आणि कोळ्यांची जाळी. घरमालक तिथे वर्षानुवर्षं उतरत नाही, आणि हे धंदा करणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या खालच्या मजल्यावर कुबट वास यायला लागला. कपाटातल्या चादरींना, जिन्याखालच्या बुटांना, सगळ्याला. सासूबाई तेव्हा इथेच होत्या. त्या चिपळूणच्या, त्यामुळे ओलीच्या बाबतीत त्यांचं नाक पक्कं. "कुठेतरी पाणी मुरतंय गं," असं त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. पुढे निदान त्यांचंच बरोबर ठरलं, तेही फुकटात.

'मोफत तपासणी' म्हणून घराखालची ओल आणि बुरशी काढणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला. अतिशय सभ्य. बुटांवर कापडी खोळी, शर्टावर 'सर्टिफाइड' असं भरतकाम, हातात टॅब्लेट. दहा-पंधरा मिनिटं खाली राहिला, वर आला आणि जेवणाच्या टेबलावर बसून त्याने आम्हाला शास्त्र शिकवलं. हे नीट लक्षात घ्या: त्याचं शास्त्र एकूण एक खरं होतं. उन्हाळ्यात बाहेरची तीस-बत्तीस अंशांची दमट हवा झरोक्यांतून घराखाली शिरते. तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो, बावीस-तेवीस अंशांवर असतो, एसीच्या नळ्या त्याहून गार असतात, म्हणजे नळ्यांना घाम फुटणारच. घराखालची हवा फटींतून वर घरात शिरते, म्हणून खालचा वास चादरींत येतो. रॉलीतल्याच अ‍ॅडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेने प्रिन्सव्हिल गावातल्या १२ घरांवर केलेल्या प्रयोगाचाही त्याने दाखला दिला. झरोके बंद करून जमिनीवर प्लास्टिक अंथरलेली घरं कोरडी राहतात, वीजही कमी लागते. मी नंतर शोधून वाचलं, तेही खरं.

मग त्याने फोटो दाखवले. काळपट बुरशीने माखलेल्या तुळया, ओलाव्याच्या मीटरवर २८ टक्के, खाली चिखल. "हे तुमच्या घराखाली आहे." तेवढ्यात सासूबाई खोकल्या. त्या रोजच खोकतात, गेली कित्येक वर्षं. तो हळू आवाजात म्हणाला, "आजींच्या छातीत हेच जातंय." हवेचा नमुनाही घेतला होता, त्याच्या अहवालात बुरशीचं प्रमाण 'वाढलेलं' असं लाल अक्षरांत आलं. कशापेक्षा वाढलेलं? बाहेरच्या हवेचा नमुना तुलनेला घेतलाच नव्हता. हवेत बुरशीचे किती बीजाणू चालतात याची अमेरिकेत केंद्र सरकारची कोणतीही मर्यादा नाही, आणि बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुना घ्यायची गरजच नसते, असं पर्यावरण संरक्षण संस्था स्वतः सांगते.

भाव १६,००० डॉलर, पण 'आज सही केलीत तर' ११,८००. त्यात २० मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड प्लास्टिक, झरोके बंद करणं, मोठा डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, आणि बुरशीनाशक फवारणी. ४,५०० चा चेक, उरलेले ७,३०० त्यांनीच जोडून दिलेल्या कर्ज कंपनीकडून.

आता सगळ्यात चलाख भाग. घरी येऊन केलेली २५ डॉलरच्या वरची विक्री तुम्ही कामाचे तीन दिवस संपेपर्यंत रद्द करू शकता, हा फेडरल ट्रेड कमिशनचा नियम आहे. त्याला एक अपवाद आहे: ग्राहकाने स्वतः बोलावलं असेल, खरोखरची तातडीची अडचण असेल आणि तसं ग्राहकाने स्वतःच्या अक्षरात वेगळ्या कागदावर लिहून, तारीख घालून, सही करून दिलं असेल, तर तो हक्क सुटतो. त्या माणसाने माझ्या नवऱ्यापुढे कोरा कागद सरकवला. "उद्याच टीम पाठवतो, फक्त दोन ओळी लिहा, शेड्युलिंगसाठी लागतात." मजकूर त्याने सांगितला, नवऱ्याने लिहिला. 'घरात आरोग्याची तातडीची समस्या आहे, तीन दिवसांचा हक्क मी सोडत आहे.' बुरशी काही आग नव्हे, तिला तीन दिवस थांबता येतं. तुमच्याकडून कोणी हाताने असं काही लिहून मागितलं, की तिथेच त्याला चहा पाजून वाटेला लावा.

दुसऱ्या दिवशी दोन मुलं आली, दुपारपर्यंत काम उरकून गेली. घरभर ओव्याचा वास! सासूबाईंनी विचारलं, भजी कुणी केली? त्या फवारणीत थायमॉल असतं, आणि ओव्याचा वास मुळात थायमॉलचाच. त्या घमघमाटाखाली कुबट वास काही आठवडे दबून राहिला आणि मग होता तसा परत आला. फोन केला तर उत्तर मिळालं, "घराला सवय व्हायला वेळ लागतो." पुढे फोन उचलणंच बंद.

भांडं फुटलं ते एसीवाल्यामुळे. वार्षिक सर्व्हिसिंगला आलेला तंत्रज्ञ खालून वर आला आणि म्हणाला, तुमच्या एसीच्या पाण्याची नळी जोडातून निसटली आहे, सगळं पाणी घराखालीच सांडतंय. दमट दिवसांत सेंट्रल एसी हवेतून बादल्याच्या बादल्या पाणी काढतो. ते सगळं नव्या प्लास्टिकवर डबक्यासारखं साचलं होतं. म्हणजे ती दोन मुलं गळत्या नळीच्या खालून रांगत गेली, तिथेच प्लास्टिक अंथरलं आणि परत आली.

मग मी एन-९५ मास्क लावून, डोक्याला दिवा बांधून स्वतः उतरले. प्लास्टिकवर दर काही फुटांवर '६ मिल' असं छापलेलं होतं. सहा मिल म्हणजे जेमतेम ०.१५ मिलिमीटर, करारातल्या २० मिलच्या तिसऱ्या हिश्शाहून पातळ. कडा भिंतीला चिकटवलेल्या नाहीत. मागचे झरोके उघडेच, फक्त बाहेरून दिसणारे पुढचे बंद. आणि तुळया! आमच्या घराच्या तुळया इंग्रजी आय अक्षराच्या आकाराच्या, दोन पट्ट्यांमध्ये पातळ फळी बसवलेल्या आहेत. टॅब्लेटवरच्या फोटोतल्या तुळया अखंड लाकडाच्या होत्या. तो फोटो आमच्या घराचा नव्हताच. मीटरवर लाकडाची ओल भरली सोळा-सतरा टक्के, गळतीजवळ थोडी जास्त. साधारण २० टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय लाकडावर बुरशी नीट धरत नाही.

वास जायला फार काही लागलं नाही. नळीचा जोड, पन्हळींचे पाइप घराच्या पायापासून लांब नेणं, प्लास्टिकचे जोड टेपने बंद करणं आणि उरलेले झरोके झाकणं. काही शे डॉलर. डिह्युमिडिफायर मात्र खरा बसवला होता, त्याला श्रेय देते. दमटपणा मोजायचं छोटं यंत्र दहा-पंधरा डॉलरला मिळतं, ते खाली ठेवलं आहे, आकडा ६० टक्क्यांच्या खाली असतो.

परवान्याबद्दल विचाराल तर नॉर्थ कॅरोलायनात बुरशी काढणाऱ्यांसाठी राज्याचा वेगळा परवाना नाही, आणि जनरल कॉन्ट्रॅक्टरचा परवाना लागतो तो ४०,००० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामांना. शर्टावरच्या 'सर्टिफाइड'चं वजन त्यावरून करा. बोलावणारच असाल तर फोटो नव्हे, तुमच्या घराचा नंबर दिसेल तिथून सुरू होणारा, न तोडलेला व्हिडिओ मागा. आणि पहिला प्रश्न विचारा: पाणी कुठून येतंय? आमच्या त्या सद्गृहस्थाने दवबिंदू समजावला, पण हा प्रश्न काही काढला नाही.

पैशांचं असं झालं. विक्रेत्याने जोडून दिलेलं कर्ज असेल, तर विक्रेत्याविरुद्धची तक्रार कर्ज कंपनीपुढेही मांडता येते, असा फेडरल नियम आहे आणि त्याची ओळ करारात छापलेली असते. आम्ही ती शोधून, फोटो जोडून लेखी पत्र पाठवलं, आणि प्रत राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाला. कर्ज कंपनीने ७,३०० रद्द केले. चेकचे ४,५०० अजून अडकलेत. दहा हजारांपर्यंतचे दावे इथे स्मॉल क्लेम्स कोर्टात वकिलाशिवाय लावता येतात, तो लावला आहे. पुढच्या महिन्यात तारीख आहे, आणि '६ मिल' छापलेला एक तुकडा कापून फायलीत घातला आहे.