डेझर्टेशनला काय घ्यायचं : थीमॅटिक, आयपीए की ग्राउंडेड थिअरी?

एमए सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला दरवर्षी हाच घोळ. स्टॅट्स नको म्हणून पोरं क्वालिटेटिव्ह घेतात, गाइडसमोर मान डोलावतात आणि मेथडचा चॅप्टर लिहायला बसल्यावर कळतं की क्वालिटेटिव्हमध्ये, म्हणजे आकड्यांऐवजी माणसांच्या बोलण्याचा अभ्यास करण्यात, चार-पाच वेगवेगळी घराणी आहेत (थीमॅटिक, आयपीए, ग्राउंडेड थिअरी ही त्यातलीच) आणि प्रत्येकाची शिस्त वेगळी. आणि आकडे नाहीत म्हणजे काम कमी असं वाटत असेल तर आत्ताच सांगते, एका तासाच्या इंटरव्ह्यूचं ट्रान्सक्रिप्शन करायला पाच-सहा तास आरामात जातात, त्यात रेकॉर्डिंगमध्ये मागे कुकरच्या शिट्ट्या असतील तर विचारूच नका.

एक उदाहरण धरू, सगळ्या मेथड्स त्यावरच लावून बघू. विषय समजा असा, की डिमेन्शिया झालेल्या माणसाची घरी काळजी घेणाऱ्या बायका. त्यातली एक सून सासूबद्दल म्हणते, "आता त्या मला ओळखत नाहीत, पण चहा मीच केलेला लागतो."

थीमॅटिक अ‍ॅनालिसिसमध्ये तुम्ही हे वाक्य बाकी दहा-बारा जणींच्या बोलण्याशेजारी ठेवता. सगळ्यांमध्ये मिळून काय धागा दिसतो हे शोधायचं, म्हणजे उदाहरणार्थ ओळख गेली तरी नातं सवयीत शिल्लक राहतं, अशी एखादी थीम. ब्राउन आणि क्लार्क यांनी 2006 च्या पेपरात याच्या सहा पायऱ्या मांडल्या आणि आज बहुतेक स्टुडंट त्याच वापरतात. मोठा फायदा म्हणजे ही कुठल्याही एका थिअरीला बांधलेली नाही, नवख्याला जमते, डेटा थोडा पातळ निघाला तरी निभावून नेता येतं. तोटाही तिथेच आहे, कारण कसंही वापरता येतं म्हणून लोक कसंही वापरतात. सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे 'अडचणी', 'घरच्यांचा सपोर्ट', 'उपाय' अशा तीन थीम्स. अहो, हे तर तुमच्याच प्रश्नावलीतले प्रश्न, हेडिंग करून परत लावलेत! थीममध्ये काहीतरी म्हणणं असायला लागतं. आणि "थीम्स इमर्ज झाल्या" असं लिहू नका, थीम्स डेटात लपून बसलेल्या नसतात, त्या संशोधक घडवतो हे ब्राउन-क्लार्क कधीपासून सांगतायत, आणि 2019 मध्ये त्यांनी आपल्या पद्धतीला रिफ्लेक्सिव्ह (संशोधकाने स्वतःच्या नजरेचाही विचार करायचा अशी) असं नाव लावलं ते याचसाठी.

इथे एक भांडण होतं ते माहीत असू द्या. गाइड म्हणतात दोन जणांकडून कोडिंग (बोलण्याच्या तुकड्यांना अर्थाची लेबलं लावणं) करून घ्या आणि कापा (kappa), म्हणजे दोघांचं कोडिंग किती जुळतं याचा आकडा, काढा. रिफ्लेक्सिव्ह प्रकारात कापा बसतच नाही, कारण दोघांचं कोडिंग सारखं यावं ही अपेक्षाच नाही. कापा हवाच असेल तर कोडबुकवाला (कोड्सची ठरलेली यादी धरून चालणारा), कोडिंग रिलायबिलिटीचा प्रकार घ्या आणि तसं स्पष्ट लिहा. एका चॅप्टरमध्ये दोन्ही घातलंत तर व्हायव्हाला एक्स्टर्नल तिथेच बोट ठेवणार.

आयपीए, म्हणजे इंटरप्रिटेटिव्ह फिनॉमिनॉलॉजिकल अ‍ॅनालिसिस, जोनाथन स्मिथ यांनी 1996 मध्ये हेल्थ सायकॉलॉजीत मांडली. इथे तुम्ही त्या एकाच वाक्यापाशी बराच वेळ बसता. 'मीच' यातला च कशाचा आहे, अभिमानाचा की अडकल्याचा? ती ओळखत 'नाहीत' म्हणून पुढे 'पण' का म्हणते? स्वतःच्या आयुष्याचा अर्थ ती लावतेय आणि तिच्या त्या अर्थ लावण्याचा अर्थ तुम्ही लावताय. एक केस पूर्ण करायची, मगच दुसरीला हात लावायचा. म्हणून सॅम्पल लहान, मास्टर्सला तीन ते सहा माणसं चालतात, फक्त ती एकाच प्रकारच्या अनुभवातून जाणारी हवीत.

तीनच इंटरव्ह्यू म्हटल्यावर डोळे चमकतात, मला माहितीये. पण आयपीए बोलक्या माणसांवर चालते. समोरची बाई "काय, चाललंय, करावं लागतं" एवढंच म्हणून थांबली आणि तुम्हाला तिथून पुढे हळूच विचारता आलं नाही तर हातात काहीच नाही, बारा जणींमध्ये एक अशी निघाली तर खपून जाते, तिघींमध्ये नाही. शिवाय 'असं का होतं', 'किती जणींना होतं' हे प्रश्न आयपीएला विचारायचेच नाहीत.

ग्राउंडेड थिअरी ग्लेझर आणि स्ट्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांची, पुस्तक 1967 चं, मुळात हॉस्पिटलमधल्या मरणासन्न पेशंट्सवरच्या कामातून आलेली. यात तो चहा ऐकून पुढचा प्रश्न पडतो की ओळख गेल्यावर काळजी घेण्याची रीत कशी बदलत जाते, आणि मग जिथे पेशंट तिच्या हातचं काही घेतच नाही अशी सून तुम्ही मुद्दाम शोधायला जाता. गोळा करणं आणि अ‍ॅनालिसिस एकत्र चालतं, पुढचा माणूस कोण हे आधीच्या इंटरव्ह्यूवरून ठरतं, आणि शेवटी त्या प्रक्रियेची थिअरी उभी राहायला हवी. ताकद प्रचंड आहे, जिथे आधीची थिअरीच नाही तिथे तर ही हवीच. पण एका सेमिस्टरमध्ये? स्पष्ट सांगायचं तर नको. एथिक्स कमिटीला सॅम्पल आधी लिहून द्यायचं असतं आणि इथे ते आधी ठरतच नाही. त्यात ग्लेझर आणि स्ट्रॉस यांचं पुढे बिनसलं, नंतर कॅथी चार्माझ यांची कन्स्ट्रक्टिव्हिस्ट शाखा (थिअरी सापडत नाही, संशोधक ती घडवतो असं मानणारी) आली, त्यामुळे कोणाची ग्राउंडेड थिअरी हेही सांगावं लागतं. पीएचडीला खुशाल घ्या.

डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस अगदी वेगळं. तिथे सून आतून काय अनुभवते हा प्रश्नच नसतो, ते वाक्य बोलून ती तुमच्यासमोर काय साधते हे बघायचं. चांगली सून म्हणून उभी राहते का, तक्रार न करता तक्रार करते का? भाषेचा कान असेल तर मजा येते, नसेल तर गाइड मिळणंही मुश्कील.

फोकस ग्रुप ही खरं तर डेटा गोळा करायची पद्धत. सहा-आठ जणी एकत्र बसल्या की एकीच्या बोलण्यावरून दुसरीला आठवतं, पण शेजारच्या सोसायटीतली बाई समोर असताना सासूबद्दल खरं कोण बोलणार.

मग माझं मत. प्रश्न 'बऱ्याच जणींमध्ये काय दिसतं' असा असेल आणि हातात चार महिने असतील तर रिफ्लेक्सिव्ह थीमॅटिक. एकाच अनुभवात खोल जायचंय, माणसं बोलकी मिळालीयत आणि तुम्हाला शांत बसून ऐकता येतं, तर आयपीए. नुसतं कोडिंग करून वर ग्राउंडेड थिअरीचं लेबल लावू नका.

"इतक्या कमी लोकांवरून जनरलाइज कसं करणार?" हा प्रश्न येणारच. उत्तर असं की टक्केवारीच्या अर्थाने करायचंच नाहीये, संदर्भ इतका तपशिलात द्यायचा की वाचणाऱ्याला आपल्याकडे हे लागू पडतं का ते ठरवता यावं. बारा इंटरव्ह्यूत सॅच्युरेशन येतं, म्हणजे त्यापुढे नवीन काही निघत नाही, असं कोणी सांगितलं तर तो आकडा 2006 च्या एका अभ्यासातला आहे, घाना आणि नायजेरियातल्या बायकांच्या 60 इंटरव्ह्यूंचा, बऱ्यापैकी एकसारखा गट आणि ठरलेले प्रश्न. तुमच्याकडे तसं नसेल तर बारा म्हणजे काही मंत्र नाही.

आणि सॅम्पल जितकं लहान तितकी माणसं ओळखू येण्याची भीती जास्त. तालुक्याच्या गावात डिमेन्शियाची सासू असलेली, बँकेत नोकरी करणारी सून एकच असते, नाव बदलून काय उपयोग? नोकरी, गाव, मुलांची संख्या यातलं काय गाळायचं हे लिहितानाच ठरवा, कन्सेंट फॉर्म मराठीत द्या, आणि तिचं कुठलं वाक्य जसंच्या तसं छापणार ते छापण्याआधी तिला वाचून दाखवा.