द्राक्षाचा व्यापारी पळतो, तेव्हा चिठ्ठीवर नाव कोणाचं असतं?

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, चांदवड या द्राक्षपट्ट्यात हंगाम उतरणीला लागला की व्यापारी गायब झाल्याच्या बातम्या सुरू होतात. वडिलांकडून बाग नुकतीच हातात घेतलेली पोरं यात हमखास सापडतात.

पद्धत ठरलेली आहे. पिंपळगावला नाहीतर वणीला भाड्याच्या खोलीत उतरलेला परगावचा व्यापारी आधी स्वतः येत नाही. येतो गावातलाच एखादा ओळखीचा पोरगा, किलोमागे कमिशनवर फिरणारा. मीटरवर साखर बघतो, चालू भावापेक्षा दोन-तीन रुपये चढे बोलतो, इसार टेकवतो. पहिली गाडी रोख. दुसरीचे पैसे दोन दिवसांत खात्यावर. तिसरीपासून "पार्टीचं पेमेंट अडकलंय, तोड थांबवू नका." तोवर अर्धी बाग तोडून झालेली असते. निवडक माल गेलेल्या बागेला दुसरा व्यापारी हात लावत नाही, आणि साखर भरलेले मणी अवकाळीच्या एका सरीत तडकतात. माल थांबवता येत नाही हे व्यापाऱ्याला पक्कं माहीत असतं.

फळं-भाजीपाला २०१६ मध्ये बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला गेला. त्यामुळे शिवारात झालेल्या सौद्याचे पैसे बुडाले तर समिती फारसं काही करू शकत नाही.

आता चिठ्ठी बघा. वहीचं फाडलेलं पान. क्रेट, वजन, भाव, खाली एक वेडीवाकडी सही. व्यापाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, गाडी नंबर नाही. सातबारा वडिलांचा, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं मुलाचं, आलेले पैसे तिसऱ्याच कोणाच्या खात्यातून. पोलीस ठाण्यात हे जुळवता जुळवता दम निघतो. सौदापावती सातबाऱ्यावरच्या नावानेच करा. व्यापाऱ्याचं आधार, पॅन आणि मूळ गावचा पत्ता घ्या. त्याच्या मागच्या हंगामातल्या दोन बागायतदारांना फोन करा. प्रत्येक गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा मोबाईल आणि बिल्टीचा (माल वाहतुकीच्या पावतीचा) फोटो ठेवा. रिकामा क्रेट आपल्यासमोर काट्यावर ठेवायला लावा, कटतीचा, म्हणजे वजनातून होणाऱ्या वजावटीचा, घोळ तिथेच असतो. आणि मागची गाडी चुकती झाल्याशिवाय पुढची भरू नका, भाव रुपयाने कमी मिळाला तरी चालेल.

चेक घेतलाच तर खातं कोणाचं ते आधी वाचा. दुसऱ्याच्या खात्याचा चेक व्यापाऱ्याने दिला आणि तो परत आला, तर चेक न वटल्याबद्दलच्या कलम १३८ खाली व्यापाऱ्याला पकडता येत नाही; जबाबदार धरला जातो तो चेकवर सही करणारा खातेदार. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत भरावा लागतो. न वटल्याचा मेमो हातात आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून १५ दिवस वाट, त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार. हे दिवस नेमके एप्रिलच्या खरड छाटणीत (हंगामानंतरच्या वेलींच्या छाटणीत) निघून जातात. मजुरांच्या मागे धावताना नोटीस राहून जाते, आणि "पुढच्या आठवड्यात देतो" असं फोनवर सांगणाऱ्याला तेच हवं असतं.

पोलिसांत जायला लाजू नका. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राचे तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी अशा तक्रारी स्वतःहून मागवल्या आणि बुडालेले काही पैसे वसूलही झाले.

राहिला कमिशनवाला पोरगा. बऱ्याचदा त्यालाही व्यापाऱ्याचा पत्ता माहीत नसतो, त्याचं स्वतःचं कमिशनही बुडालेलं असतं. अशा पोरांनी पावतीवर सही करायचीच तर 'मध्यस्थ' असं स्पष्ट लिहून करावी, 'घेणार'च्या रकान्यात नाही. व्यापारी पळाल्यावर लोक त्या रकान्यातल्या नावाच्या घरी जातात, आणि फिर्यादीतही तेच नाव पडतं.