'प्रेमाने घोडी शिकवतो' म्हणणाऱ्याने आमच्या हरणीचं काय केलं

लग्नाची घोडी, टांग्याचा घोडा किंवा हौसेने पाळलेलं जनावर बुजायला लागलं, लाथा झाडायला लागलं आणि सातारा-सांगली भागात कोणी 'मारझोड न करता, फक्त प्रेमाने महिनाभरात शांत करून देतो' म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमचे 45 हजार गेले आणि घोडीचे हाल झाले ते वेगळेच. माणसाचं नाव इथे लिहीत नाही. पोलिसांत दिलेल्या अर्जाची चौकशी चालू आहे, आणि नाव तर तो बदलतच असतो असं आता कळलंय.

आम्ही वाईजवळचे. थोरल्या दादाचा वरातीच्या घोडीचा धंदा. तुळशीच्या लग्नानंतर जो हंगाम सुरू होतो तो पार जेठापर्यंत. वाई, भुईंज, पाचवड, कधी साताऱ्यापर्यंत घोडी जाते. हरणी अकलूजच्या बाजारातून आणलेली, कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. वरातीला अशीच घोडी मागतात. बँड, ताशा, फटाके, अंगावर पडणारी फुलं, हे सगळं तिने निमूट सोसलेलं. गेल्या हंगामात मात्र ती लगाम चढवतानाच मान वर टाकायला लागली. मग डीजेची गाडी दिसली की जागेवर गरगर फिरायची. एका वरातीत तिने मागच्या मागे अशी दुगाणी झाडली की जनरेटरच्या गाडीचा पत्रा आत गेला. नवरदेव अजून चढलेला नव्हता म्हणून निभावलं. त्यानंतर दादाने पुढच्या सुपाऱ्या परत केल्या.

गावात उपाय सांगणारे कमी नसतात. कोणी म्हणालं नाकाला चिमटा लावा, कोणी म्हणालं उपाशी ठेवा, कोणी मानेवरचा भोवराच अशुभ ठरवला. दादाला मारझोड नको होती. नेमका त्याच वेळी त्याच्या मोबाईलवर हा माणूस आला. स्वच्छ पांढरा शर्ट, डोक्यावर गोल टोपी, आणि मागे उभा असलेला घोडा त्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवून. खाली लिहिलेलं: 'विदेशी पद्धत. चाबूक नाही, भीती नाही.' मिरजेच्या पुढे नदीकाठी त्याचा तबेला. फोनवर बोलायला गोड. "मालक, घोडं वाईट नसतंय, माणसाला त्याची भाषा येत नाही," असं म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच ते पटलं.

ठरलं ते असं: निम्मे पैसे आधी मोबाईलवरून, निम्मे घोडी परत देताना रोख. पावती मागितली तर म्हणाला, "विश्वासावर चालतंय आपलं काम." आणि एक अट. घोडी तिथे असेपर्यंत मालकाने फिरकायचं नाही. मालकाचा वास आला की जनावर जुन्या सवयीवर जातं आणि केलेली मेहनत वाया जाते, असं कारण. त्याऐवजी रोज एक व्हिडिओ येणार.

व्हिडिओ आलेही. हरणी दोरीमागे चालतेय, हरणीच्या पाठीवर गोणपाट टाकलंय, हरणीच्या बाजूला कोणी पत्र्याचा डबा वाजवतंय. घरात सगळे खूश. वहिनीने मात्र एकदा लागोपाठचे तीन-चार व्हिडिओ शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाली, "भाऊजी, शेपटीत ही काडी बघा." शेपटीच्या शेंड्याला वाळक्या गवताची एक वाकडी काडी गुंतलेली होती. प्रत्येक व्हिडिओत तीच, त्याच जागी, तशीच वाकलेली. मोरखीची, म्हणजे तोंडाला बांधलेल्या दोरीची, गाठही तशीच, भिंतीवर पडलेली सावलीही तेवढीच. एकाच दुपारी सगळं चित्रण करून तो रोज एक तुकडा सोडत होता. विचारलं तर म्हणाला, नेटवर्क नसतं, मागचे जातात. व्यवहार ठरलेला, निम्मे पैसे गेलेले, घोडी त्याच्या दावणीला. अशा वेळी मालकाच्या हातात फार काही उरत नाही, आणि हे त्याला आपल्यापेक्षा जास्त चांगलं माहीत असतं.

घोडी परत आली तो दिवस मी नीट सांगतो, कारण फसवणूक कशी होते ते सगळं त्या तासाभरात होतं. टेम्पो दारात लागला. एरवी हरणी फळी पडायच्या आत खूर आपटते. त्या दिवशी ती पाय ओढत, अंग किंचित झोकांडत उतरली. मान गुडघ्यांच्या उंचीला. खालचा ओठ सैल लोंबत होता, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा पुढे सरकलेला. कान ना पुढे ना मागे, नुसते बाजूला पडलेले. त्याने सगळ्या आळीसमोर खेळ लावला. डोक्यावर छत्री उघडली, पोटाखालून पोरगं पलीकडे काढलं, मोबाईलवर ताशा लावून कानाशी धरला. हरणीची पापणीही हलली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादाने पैसे मोजून दिले. तो चहालाही थांबला नाही, "लांब जायचंय" म्हणून निघून गेला. आई तेवढी म्हणाली, "अगं बाई, हिला झोप लागलीया का काय?"

रात्री तिने चंदीला, म्हणजे दाण्याला, तोंड लावलं नाही. सकाळी शेजारी कुकरची शिट्टी झाली आणि तिने मेख उपटली. दादा जवळ गेला, गळ्याकडे हात नेला, तशी ती दोन पायांवर उभी राहिली. असं तिने आधी कधीच केलं नव्हतं. उजेडात पाहिलं तर बरगड्या दिसत होत्या, मागच्या पायाला खुराच्या वर दोरीने सोलून खपली धरलेली, आणि मानेच्या डाव्या बाजूला, शिरेच्या पन्हाळीत, केस कापलेली रुपयाएवढी जागा. तिथे सुया टोचल्याच्या खुणा.

पशुवैद्यकीय डॉक्टरांनी खुणा ऐकूनच सांगितलं की हे गुंगीचं इंजेक्शन. झायलाझिन आणि अ‍ॅसप्रोमाझिन ही घोड्यांसाठी नेहमी वापरली जाणारी औषधं आहेत. पहिल्याची गुंगी लवकर उतरते, दुसऱ्याचा असर काही तास टिकतो. घोडेबाजारात खोडकर जनावर गरीब म्हणून खपवायला हा उद्योग जगभर चालतो, आपल्याकडेच आहे असं नाही. गुंगीतलं जनावर काही शिकत नाही, कारण जे घडतंय ते त्याच्यापर्यंत धड पोहोचतच नाही. शिवाय झायलाझिन दिलेला घोडा झोपल्यासारखा दिसतो आणि हात लावल्यावर अचानक लाथ मारू शकतो. आळीतल्या पोराला पोटाखालून काढताना काय झालं असतं, हा विचार मी अजून टाळतो. नर घोड्याला अ‍ॅसप्रोमाझिन दिलं तर कधीकधी लिंग बाहेर आलेलं परत आत जात नाही, कायमचं अपंगत्व येतं. रक्त त्याच दिवशी घेतलं असतं तर तपासणीत औषध सापडलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यामुळे जनावर परत घेताना डॉक्टर हजर ठेवा, किंवा किमान पैसे दुसऱ्या दिवशी द्या. खरा शिकवणारा एका रात्रीसाठी अडून बसणार नाही.

मग डॉक्टरांनी तिचं तोंड उघडलं. घोड्याच्या दाढा आयुष्यभर हळूहळू वर येत राहतात आणि चावून झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, म्हणून वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड झिजायची राहते आणि धारदार होते. हरणीच्या गालाला आतून जखमा होत्या. लगामाची कडी तोंडात गेली आणि ओढली की गाल त्या धारेवर चिरला जायचा. डीजेजवळ लगाम जास्त ओढला जातो. म्हणजे ती डीजेला भीत होती की डीजेजवळ होणाऱ्या दुखण्याला, हे तिचं तिलाच ठाऊक. डॉक्टरांनी कानशीने दाढा घासून दिल्या. त्यासाठी त्यांनीही गुंगीचंच इंजेक्शन दिलं, पण आमच्यासमोर, वजनाचा अंदाज घेऊन, औषधाचं नाव कागदावर लिहून.

ज्याला 'प्रेमाने शिकवणं' म्हणतात त्याची पहिली पायरी ही असायला हवी होती. बिथरलेल्या घोड्याचे दात, पाठ, खूर आणि पोट आधी बघायचं. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, कारण दिवसभर चरत राहण्यासाठीच त्याचं पोट बनलंय. उपाशी ठेवला की ते आम्ल जठराच्या भिंतीला लागतं, व्रण पडतात, आणि खोगिराचा पट्टा आवळताना घोडा चावायला येतो. लोक म्हणतात मस्ती आली. आमच्या त्या महाशयांनी दातही पाहिले नव्हते आणि पोटही रिकामं ठेवलं होतं.

त्याच्या फलकावर 'जॉइन-अप' असा शब्द होता. ही पद्धत खरी आहे. अमेरिकेतले प्रशिक्षक माँटी रॉबर्ट्स यांच्यामुळे ती जगभर माहीत झाली. 1989 मध्ये त्यांनी विंडसरला इंग्लंडच्या राणीसमोर ती करून दाखवली होती. गोल कुंपणात घोडा मोकळा सोडतात, त्याला कडेकडेने पळू देतात आणि त्याच्या खुणा बघत राहतात. आतल्या बाजूचा कान माणसाकडे वळतो, घोडा ओठ चाटतो, चावल्यासारखं तोंड हलवतो, मान खाली आणतो. मग माणूस नजर काढून घेतो, खांदा वळवतो आणि घोड्याला स्वतःहून जवळ येण्याची मुभा देतो. या पद्धतीवरही घोड्यांच्या जाणकारांत वाद आहेत. घोडा मैत्रीने येतो की दबाव थांबला म्हणून येतो, असा तो वाद. पण ही गोष्ट भर सभेत, शेकडो डोळ्यांसमोर, जाग्या घोड्यावर करून दाखवता येते. मालकाने फिरकू नये ही अट तिच्यात कुठेच बसत नाही. खरं तर शेवटचे काही दिवस मालकालाच शिकवावं लागतं, कारण घोडं शेवटी त्याच्याच हाती राहणार असतं.

पुढे हरणीला आमच्या तात्यांनी हाताळलं. हे आमचे चुलते. उमेदीत त्यांनी पाचगणीला टेबललँडवर घोडी फिरवली आहेत. 'जॉइन-अप' हा शब्द त्यांनी ऐकलेला नाही. आधी बरेच दिवस त्यांनी काहीच केलं नाही, नुसता खरारा केला आणि समोर कडबा कमी पडू दिला नाही. मानेला हात लावायचा नाही, खांद्यापर्यंतच जायचं. ती शांत उभी असतानाच हात काढून घ्यायचा, ती झटकल्यावर नाही. "झटकल्यावर काढला तर ती झटकायलाच शिकंल," हे त्यांचं म्हणणं. हात मानेपर्यंत पोचायला किती वेळ गेला ते बघताना आमचाच धीर सुटत होता.

मग हलगी. गल्लीतल्या एका पोराला त्यांनी रानाच्या पार दुसऱ्या बांधावर उभं केलं. हलगी जाळावर शेकून तापवली नाही, मुद्दाम सैल ठेवली, म्हणजे आवाज बसका निघेल. इकडे हरणीसमोर हिरवा मका. पहिल्या थापेला तिने मान उचलली, तोंडातला मका तसाच, चावणं बंद. तात्यांनी हात वर करून पोराला थांबवलं. ती परत चावायला लागल्यावर पुन्हा थाप. पोरगं दोन पावलं पुढे यायचं ते तिचं तोंड चालू असेल तरच. तोंड थांबलं की मागे. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त नाकापुढचं थोडं आणि शेपटीमागचं दिसत नाही, म्हणून हलगी मागून कधीच आणायची नाही. व्हिडिओ करायला यात काहीच नाही. कंटाळवाणं काम आहे.

गोंगाट घोड्याला सोसतच नाही असं नसतं. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण आपल्याच जिल्ह्यात, चांदोबाच्या लिंबाला होतं. लाखोंची गर्दी, टाळ-मृदंगाचा कल्लोळ आणि मधल्या चिंचोळ्या वाटेने अश्व भरधाव जातो. सवय अशी बसते, पण ती जागेपणी आणि बेताबेताने बसते.

हरणीला या हंगामात डीजेच्या वरातीला नेत नाही. सनई-चौघड्याच्या, हलगीच्या वरातीला जाते. धंदा कमी झालाय. दादा त्यावर बोलत नाही.

त्या माणसाला फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "तुमच्या घरात नकारात्मक ऊर्जा आहे. घोडी परत पाठवा, 15 हजारात उजळणी करून देतो." दुसऱ्या वेळी नंबर बंद. पोलिसांत अर्ज दिला तेव्हा रोख दिलेल्या निम्म्या रकमेचा पुरावाच नव्हता. मोबाईलवरून गेलेली निम्मी तेवढी कागदावर दिसते. फसवणुकीचं पूर्वीचं 420 कलम आता भारतीय न्याय संहितेत 318 आहे. जनावराला विनाकारण अपायकारक औषध देणं हा प्राण्यांचा छळ प्रतिबंधक अधिनियम, 1960 प्रमाणे गुन्हा आहे, कलम 11. दोन्ही कलमं अर्जात स्वतःच लिहून न्या, नाहीतर 'जनावराचा व्यवहार, आपसात मिटवा' असं ऐकावं लागतं. डॉक्टरांकडून जखमांचं, दातांचं आणि सुईच्या खुणांचं लेखी घ्या, तारखेसह. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा नंबर आहे. मोठी तपासणी हवी असेल तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, सातारकरांना ते काही लांब नाही.

मिरज तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा घोडा याच माणसाकडे होता, हे आम्हाला नालबंदाकडून कळलं. त्यालाही सुईची तीच जागा, मानेची डावी बाजू. आता दोघांचे अर्ज आहेत. आणखी कोणाचं जनावर मिरजेच्या पुढच्या त्या तबेल्यात गेलं असेल, तर त्याने पाठवलेले व्हिडिओ पुसू नका, पैसे पाठवल्याचा संदेश जपून ठेवा, आणि जवळच्या ठाण्यात वेगळा अर्ज द्या. दोन अर्जांवर साहेब अजून विचारच करताहेत.