उलट दिशांना तोंड असलेली सागवानी जोडखुर्ची : वापरानंतरचे मत

दोघांनी शेजारी, पण उलट दिशांना तोंड करून बसावे अशी इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या वळणाची जोडखुर्ची एकोणिसाव्या शतकात, विशेषतः तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत (१८५२–१८७०), फ्रान्समधील दिवाणखान्यांत लोकप्रिय होती. तिकडे ती बहुधा गाद्यागिरद्यांची असे. आम्ही पुण्यातील जुन्या फर्निचरच्या एका दुकानातून घेतलेली सागवानी असून तिच्या बैठकी वेताने विणलेल्या आहेत. शोभेसाठी ती कोणी घेतली तर हरकत नाही, पण माझ्या मते तिचा खरा उपयोग कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलण्यासाठी आहे.

वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी हरवतात आणि स, फ यांसारखी व्यंजने निसटतात. त्यामुळे नुसते मोठ्याने बोलून भागत नाही, बोलणाऱ्याचे ओठही दिसावे लागतात. सोफ्यावर शेजारी बसले की सासूबाईंना सारखी मान वळवावी लागे आणि समोर बसले की अंतर वाढे. या खुर्चीत बोलणाऱ्याचा चेहरा हातभर अंतरावर येतो, आणि वर्तमानपत्र वाचून दाखवताना आवाज चढवावा लागत नाही.

घेण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य पाहावी. खुर्चीचा मधला सामाईक हात एकाच्या उजवीकडे असेल तर दुसऱ्याच्याही उजवीकडेच येतो, आणि जागांची अदलाबदल करूनही त्यात फरक पडत नाही. म्हणून ज्या कानाने बरे ऐकू येते, त्या बाजूला शेजारी बसेल अशा वळणाचीच खुर्ची निवडावी.

रक्तदाब मोजायलाही ती उत्तम आहे : पाठ टेकलेली राहते, पावले जमिनीवर असतात आणि मधल्या हातावर छोटी उशी ठेवली की दंड हृदयाच्या पातळीला येतो.

लांब बाजू भिंतीला लावली तर एकाचे पाय भिंतीला अडतात. आम्ही अरुंद बाजू भिंतीला लावल्याने बैठक आणि जेवणाची जागा आपोआप वेगळी झाली. लहान खोलीत मात्र ती घेऊ नये. वेत सैल पडल्यास खालून ओल्या फडक्याने भिजवून वाळू दिला की पुन्हा ताणला जातो. तुटलेला वेत नव्याने विणूनच घ्यावा लागतो, तेव्हा त्याची मजुरी धरूनच भाव ठरवावा.